ताणामुळे मेंदूत होणारे बदल आणि रक्तातील सूचक घटक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केवळ रक्ताच्या चाचणीवरून ताणामुळे मेंदूत बदल झाला आहे, असे सांगता येते का?

आज तरी सांगता येत नाही. मधुमेहात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आले की निदानाची एक ठरलेली रेषा ओलांडली जाते. ताण आणि मेंदू यांच्या बाबतीत रक्तातील कोणत्याही घटकासाठी अशी रेषा अजून आखली गेलेली नाही.

तरीही हा विषय पोकळ नाही. ताणाची बरीचशी यंत्रणा रक्तावाटेच काम करते, त्यामुळे तिच्या खुणा रक्तात उमटणे स्वाभाविकच आहे. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या शेकडो माणसांची इतर शेकडो माणसांशी तुलना केली, तर अनेक घटकांच्या सरासरीत फरक आढळतो. अडचण पुढे येते. समूहाच्या सरासरीत दिसणारा फरक एका माणसाच्या एका नमुन्यात वाचता येत नाही, कारण निरोगी माणसांमध्येच हे आकडे एकमेकांपासून फार दूर पसरलेले असतात. पुढील बहुतेक उत्तरे या एका अडचणीशी येऊन मिळतात.

‘बायोमार्कर’ किंवा ‘जैवसूचक’ म्हणजे नेमके काय?

शरीरातील एखादी प्रक्रिया, आजार किंवा उपचाराचा परिणाम दाखवणारी, मोजता येण्याजोगी कोणतीही खूण म्हणजे जैवसूचक. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन आणि तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्था यांनी २०१६ मध्ये मिळून जी परिभाषा ठरवली, तिच्यात निदान करणारे, धोका सांगणारे, आजाराची पुढची वाटचाल सुचवणारे, उपचार कोणाला लागू पडेल हे सांगणारे, असे निरनिराळे प्रकार मानले आहेत. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ‘ताणाशी संबंधित’ असा शिक्का असलेला घटक निदानासाठी उपयोगी असेलच असे नाही; तो फार तर धोका थोडा वाढल्याचे सांगत असतो. अहवाल हातात आला की वाचणारा मात्र त्याला निदान समजतो, आणि गैरसमजाची सुरुवात बहुधा तिथेच होते.

ताणामुळे मेंदूत कोणते बदल होतात?

हान्स सेली यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. निरनिराळ्या प्रकारचा त्रास दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी वाढतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि पोटात व्रण पडतात, असे त्यांनी त्यात मांडले होते. तेव्हा लक्ष होते ते शरीरावर; मेंदूकडे ते वळायला अजून तीन दशके जावी लागली. ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवले, की ॲड्रिनल ग्रंथीतून निघणारे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक उंदरांच्या मेंदूत शिरते आणि हिप्पोकॅम्पस या भागात विशेषकरून धरून ठेवले जाते. हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग असल्यामुळे, ताणाचे संप्रेरक स्मरणशक्तीच्या जागी काय करते, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

पुढच्या काळातील प्रयोगांनी त्याचे उत्तर बऱ्याच अंशी दिले. उंदरांना सलग २१ दिवस रोज काही तास बंदिस्त ठेवले, तर हिप्पोकॅम्पसच्या सीए३ या पट्ट्यातील चेतापेशींच्या फांद्या आखूड होतात. त्या पेशी मरतात असे नव्हे. त्यांची संदेश घेण्याची जागा कमी होते, आणि ताण थांबल्यावर त्या फांद्या पुन्हा वाढतात. भीतीशी निगडित असलेल्या ॲमिग्डालामध्ये याच्या उलट घडते. बंगळुरू येथील सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की ज्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधील फांद्या आखडतात, त्याच ताणाने ॲमिग्डालामधील फांद्या वाढतात. आणि त्यांच्या २००४ च्या कामात २१ दिवसांच्या विश्रांतीनंतरही ॲमिग्डालामधील ही वाढ ओसरलेली नव्हती. एकाच ताणाचे दोन भागांवर होणारे परिणाम परस्परविरुद्ध असतील आणि त्यांतला एक मागे फिरत असून दुसरा टिकून राहत असेल, तर ‘मेंदूवर परिणाम’ हे दोन शब्द किती अपुरे आहेत, हे लक्षात येते. रक्तातील एक आकडा यांपैकी नेमका कशाबद्दल बोलणार, हा प्रश्न मला या साऱ्या विषयाच्या मुळाशी असलेला वाटतो.

माणसाच्या बाबतीत पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण जिवंत माणसाच्या चेतापेशींच्या फांद्या मोजता येत नाहीत. एमआरआयवर दिसणारे आकारमानच काय ते मोजता येते. युद्धाच्या आघातानंतर मानसिक विकार झालेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान आढळतो. यावरून ‘आघाताने तो आक्रसला’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु २००२ मध्ये व्हिएतनाम युद्धात लढलेल्या सैनिकांचा आणि युद्धावर न गेलेल्या त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा तीव्र विकार झालेल्या सैनिकांच्या घरी राहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान असल्याचे दिसले. म्हणजे निदान काही अंशी तो लहान आकार आधीपासूनचा होता आणि त्यामुळेच आघात अधिक खोल लागला असण्याची शक्यता आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एका वेळच्या मोजमापावरून ठरवता येत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे.

उलट बाजूचा पुरावाही आहे. कुशिंग सिंड्रोम या आजारात शरीर कॉर्टिसॉल, म्हणजे उंदरांतील कॉर्टिकोस्टेरॉनसारखेच माणसातील ताणाचे संप्रेरक, प्रमाणाबाहेर तयार करते. या रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल जितके जास्त, तितका हिप्पोकॅम्पस लहान, असा संबंध १९९२ मध्ये नोंदवला गेला, आणि उपचारांनी कॉर्टिसॉल खाली आल्यावर हिप्पोकॅम्पसचे आकारमान काही प्रमाणात पुन्हा वाढते, असे त्याच गटाला १९९९ मध्ये आढळले. म्हणून दोन्ही गोष्टी खऱ्या मानाव्या लागतात : संप्रेरकाच्या अतिरेकाने मेंदू बदलतो, आणि काही माणसांचा मेंदू ताण येण्यापूर्वीच वेगळा असतो.

मेंदूत जे घडते ते रक्तात कसे उमटते?

याच्या तीन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या ठेवून पाहिल्या पाहिजेत.

पहिली वाट आज्ञेची. मेंदूतील हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्याने पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच निघते आणि एसीटीएचमुळे ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करते. इथे रक्तात दिसते ती मेंदूने दिलेली आज्ञा आणि तिची अंमलबजावणी. मेंदूची रचना त्यातून दिसत नाही.

दुसरी वाट प्रतिसादाची. ताण टिकून राहिला की रोगप्रतिकारक पेशी, यकृत, चरबी आणि रक्तवाहिन्या बदलतात, आणि त्यांतून निघणारे दाहकारक घटक रक्तात वाढतात. हे घटक मेंदूवर परिणाम करू शकतात, परंतु ते मेंदूतून आलेले असतीलच असे नाही.

तिसरी वाट गळतीची, आणि खऱ्या अर्थाने ‘मेंदूचा सूचक’ म्हणता येईल असा घटक हिच्यातूनच येतो. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या घट्ट जुळलेल्या पेशींची भिंत असते. मेंदूतील प्रथिने ती ओलांडून अत्यल्प प्रमाणात रक्तात येतात. ही भिंत ताणाने सैल होऊ शकते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात दीर्घ सामाजिक ताण सोसलेल्या उंदरांच्या मेंदूतील एका भागात, पेशींना जोडणारे क्लॉडिन-५ हे प्रथिन घटलेले आढळले. मात्र असे प्रथिन रक्तात वाढलेले दिसले, तर मेंदूत ते जास्त तयार झाले की भिंतीतून जास्त पाझरले, हे केवळ रक्त पाहून वेगळे करता येत नाही.

सकाळचे कॉर्टिसॉल जास्त आले आहे. याचा अर्थ मी सतत ताणात आहे असा होतो का?

तसा अर्थ लगेच काढू नये. कॉर्टिसॉल हा दिवसभर बदलणारा आकडा आहे. पहाटे ते वाढू लागते, जाग आल्यानंतर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळते, मग दिवसभर उतरत जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली येते. त्यामुळे सकाळी आठचा आणि दुपारी चारचा नमुना एकाच फूटपट्टीने मोजता येत नाही, आणि रात्रपाळी करणाऱ्या माणसासाठी तर छापील संदर्भमर्यादाच फसवी ठरू शकते.

शिवाय रक्तातील नव्वद टक्क्यांहून अधिक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते आणि पेशींवर काम करतो तो उरलेला मोकळा भाग. नेहमीच्या चाचणीत दोन्ही मिळून मोजले जातात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि गर्भारपण यांमुळे बांधणारे प्रथिन वाढते आणि त्यामुळे एकूण आकडा चढतो. त्या स्त्रीचा ताण वाढलेला असण्याची काही गरज नसते. प्रत्यक्ष रुग्णांचे अहवाल वाचताना ही एक गोष्ट वारंवार विसरली जाते, म्हणून ती इथे मुद्दाम ठळकपणे सांगत आहे.

आणि काळाचा प्रश्नही आहे. कॉर्टिसॉलचे रक्तातील प्रमाण साधारण एक ते दीड तासात निम्म्यावर येते. अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला लावून मग तोंडी वजाबाकी करायला सांगणारी, १९९३ मध्ये मांडलेली ट्रायर चाचणी संशोधनात आजही वापरली जाते. तिच्यात कॉर्टिसॉलचे शिखर ताण संपल्यानंतर दहा-वीस मिनिटांनी येते. याचा अर्थ असा, की तुमच्या नमुन्यात गेल्या तासाभरातील धावपळ, रांगेतील वाट पाहणे आणि सुईची भीती उतरलेली असू शकते. गेल्या दोन वर्षांचा ताण त्यात तसाच्या तसा वाचता येत नाही.

एवढे सांगूनही एक निष्कर्ष बाजूला टाकता येणार नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातील २,२३१ व्यक्तींची, ज्यांचे सरासरी वय ४८.५ वर्षे होते, माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सकाळचे कॉर्टिसॉल ज्यांच्यात जास्त होते, त्यांची स्मरण आणि आकलनाच्या चाचण्यांतील कामगिरी सरासरीने कमी आणि मेंदूचे आकारमानही कमी आढळले. आकारमानाचा हा संबंध प्रामुख्याने स्त्रियांमध्ये दिसला. हा समूहातील संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे, आणि त्यातून एका व्यक्तीचे भाकीत करता येत नाही. पण रक्त आणि मेंदू यांच्यातील धागा काल्पनिक नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

कॉर्टिसॉल कमी आले, तर ताण नाही असे समजावे का?

नाही. हा समज उलट्या दिशेने चुकीचा आहे. तीव्र आघातानंतर विकार जडलेल्या अनेक व्यक्तींमध्ये कॉर्टिसॉल सामान्य किंवा अपेक्षेपेक्षा कमी आढळल्याचे रेचल येहुदा आणि इतर संशोधकांनी नोंदवले आहे. अशा व्यक्तींमध्ये कॉर्टिसॉलला आवर घालणारी उलटी साखळी अधिक तीव्रपणे काम करते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. सर्व अभ्यासांत हे सारखे दिसलेले नाही. तरीही ‘जास्त म्हणजे ताण, कमी म्हणजे शांतता’ हे गणित मोडण्यास ते पुरेसे आहे.

रक्ताऐवजी लाळ किंवा केस तपासणे अधिक चांगले का?

प्रश्न कोणता आहे, त्यावर ते अवलंबून आहे. लाळेत मोकळे कॉर्टिसॉल मोजले जाते, सुई टोचावी लागत नाही आणि घरी बसून दिवसातून अनेकदा नमुना घेता येतो; म्हणून दिवसभराचा चढउतार पाहण्यासाठी लाळ सोयीची आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे टाळूलगतच्या तीन सेंटिमीटरमध्ये गेल्या तीन महिन्यांचा अंदाज साठलेला असतो. केसांवरील रासायनिक प्रक्रियेचा त्यावर परिणाम होतो आणि वैयक्तिक निदानासाठी मान्य अशा मर्यादा ठरलेल्या नाहीत. तरीही दीर्घकालीन ताणाच्या संशोधनात, एका सकाळच्या रक्तापेक्षा केस अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे, असे माझे मत आहे.

मानसिक आजारासाठी अशी रक्तचाचणी पूर्वी कधी वापरली गेली होती का?

होय, आणि तिची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध दिले, की निरोगी मेंदू आपली आज्ञा मागे घेतो आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल खाली येते. तीव्र नैराश्याच्या काही रुग्णांमध्ये ते खाली येत नाही. बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावर आधारित चाचणी मांडली : रात्री अकराच्या सुमारास १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅमच्या वर राहिले, तर चाचणी सकारात्मक मानायची. मेलँकोलिया या तीव्र नैराश्याच्या प्रकारासाठी तिची विशिष्टता (आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचे प्रमाण) ९६ टक्के आणि संवेदनशीलता (आजार असलेल्यांना ओळखण्याचे प्रमाण) सुमारे ६७ टक्के असल्याचे त्यांनी कळवले. मनोविकारशास्त्राला अखेर प्रयोगशाळेची चाचणी मिळाली, अशी आशा तेव्हा निर्माण झाली होती.

ती चाचणी जशी इतर ठिकाणी वापरली गेली, तशा तिच्या मर्यादा उघड होत गेल्या. स्मृतिभ्रंश, झपाट्याने घटलेले वजन, दारू सोडल्यानंतरचे दिवस, शारीरिक आजार आणि काही औषधे यांमुळेही ती सकारात्मक येत होती, तर नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांमध्ये ती सामान्यच येत होती. कुशिंग सिंड्रोमच्या तपासणीत डेक्सामेथासोनची चाचणी आजही मोलाची आहे. नैराश्याच्या रोजच्या निदानातून ती मागे पडली. यात कोणाची लबाडी नव्हती. निवडक रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्यात उत्तम फरक दाखवणारी चाचणी, जिथे शंभर कारणांनी थकलेली माणसे येतात अशा ठिकाणी नेली, तर तिचे काय होते, ते या चाळीस वर्षांच्या इतिहासात लिहिलेले आहे. प्रत्येक नव्या ‘ताणाच्या चाचणी’बद्दल ऐकताना तो आठवावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

सीआरपी वाढले म्हणजे मेंदूला सूज आली आहे का?

नाही. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते. १९३० मध्ये ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले, आणि शरीरात कुठेही दाह असला की इंटरल्युकिन-६ या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्याने ते वाढते. अतिसंवेदनशील सीआरपीचे प्रति लिटर १ मिलिग्रॅमपेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा जास्त असे जे टप्पे अहवालावर छापलेले असतात, ते हृदयविकाराच्या धोक्यासाठी ठरवलेले आहेत, मेंदूसाठी नव्हेत. हिरड्यांचा आजार, सर्दी, धूम्रपान आणि पोटावरील चरबी यांपैकी कशानेही हा आकडा चढतो.

पण दीर्घ ताण आणि दाह यांचा संबंध खरा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांचा सहा वर्षांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील इंटरल्युकिन-६ च्या वाढीचा वेग इतरांच्या सुमारे चौपट होता. दाह कमी करून नैराश्य कमी होते का, हेही पाहिले गेले आहे. उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाह रोखणाऱ्या औषधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. एकूण रुग्णांत औषध आणि खोटे औषध (प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेले निष्क्रिय औषध) यांच्यात फरक दिसला नाही. ज्यांचे सीआरपी सुरुवातीलाच ५ मिलिग्रॅमच्या वर होते, त्यांच्यात मात्र औषध अधिक लागू पडत असल्याचे दिसले, आणि ज्यांचे कमी होते त्यांच्यात खोट्या औषधाचाच प्रतिसाद बरा होता. रक्तातील सूचकाचा सर्वांत आशादायक उपयोग मला इथे दिसतो. ‘तुम्हाला ताण आहे का’ या प्रश्नासाठी रक्ताची गरज नाही, तो माणसाला विचारता येतो. ‘या दोघांपैकी कोणाला कोणता उपचार द्यावा’ हे मात्र विचारून कळत नाही, आणि तिथे रक्त काही नवे सांगू शकेल.

बीडीएनएफ हे मेंदूचे खत आहे आणि ते रक्तात मोजता येते, असे वाचले. ते कितपत खरे आहे?

बीडीएनएफ हे चेतापेशींच्या वाढीला आणि त्यांच्या जोडण्यांना मदत करणारे प्रथिन आहे आणि उपचार न घेतलेल्या नैराश्याच्या रुग्णांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) ते सरासरीने कमी आढळते, हे खरे आहे. परंतु रक्तातील बीडीएनएफचा फार मोठा साठा प्लेटलेट पेशींमध्ये असतो. रक्त गोठताना तो साठा मोकळा होतो, म्हणून सीरममधील आकडा प्लाझ्मामधील, म्हणजे न गोठवलेल्या रक्तातील द्रवामधील, आकड्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त येतो. नमुना किती वेळ गोठू दिला, यावरही तो बदलतो. मेंदूबद्दल जाणून घ्यायचे म्हणून मोजलेला आकडा प्रत्यक्षात प्लेटलेटबद्दल बोलत असू शकतो. आपल्या ‘मेंदूचे आरोग्य’ जाणून घेण्यासाठी ही चाचणी करून घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

न्यूरोफिलामेंट, जीएफएपी यांसारख्या नव्या चाचण्या मेंदूची इजा रक्तात दाखवतात. त्या ताणासाठी का वापरत नाहीत?

कारण त्या दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. न्यूरोफिलामेंट लाइट हे चेतापेशीच्या लांब तंतूच्या सांगाड्यातील प्रथिन आहे. तंतूला इजा झाली की ते सुटून आधी मेंदूभोवतीच्या द्रवात आणि मग रक्तात येते. जीएफएपी हे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींतील प्रथिन आहे. एकेक रेणू मोजण्याइतक्या संवेदनशील पद्धती आल्यामुळे ही प्रथिने रक्तात मोजणे शक्य झाले. डोक्याला मार लागलेल्या प्रौढ व्यक्तीला सीटी स्कॅनची गरज आहे का, हे ठरवण्यास मदत करणाऱ्या जीएफएपी आणि यूसीएच-एल१ (चेतापेशींतील एक प्रथिन) यांच्या चाचणीला अमेरिकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी मिळाली. मे २०२५ मध्ये तेथेच, स्मृतीच्या तक्रारी असलेल्या ५५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी, अल्झायमरशी निगडित पी-टाऊ२१७ आणि बीटा-ॲमिलॉइड या प्रथिनांच्या गुणोत्तराची रक्तचाचणी मंजूर झाली. म्हणजे रक्तातून मेंदू वाचता येतो, हे आता सिद्ध झालेले आहे.

मग ताण का वाचता येत नाही? वर सांगितलेल्या उंदरांच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहावे. ताणात फांद्या आखडतात, तुटत नाहीत. झाड वादळात मोडले तर खाली फांद्यांचा ढीग पडतो. तेच झाड पाण्याअभावी नवी पालवी धरेनासे झाले तर खाली काहीच पडत नाही. न्यूरोफिलामेंट हा ढीग मोजणारा घटक आहे. म्हणूनच तो सामान्य असला, तरी ताणाचा परिणाम नाही असे म्हणता येत नाही. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, तो वयाच्या मानाने बराच वाढलेला असेल, तर ‘ताणामुळे असेल’ म्हणून सोडून देता कामा नये. चेतासंस्थेच्या तज्ज्ञाकडून त्याचे कारण शोधलेच पाहिजे. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल, तरी हा आकडा वाढतो, हेही त्या वेळी पाहिले जाते.

मेंदूतून रक्तात आलेल्या सूक्ष्म पिशव्या पकडून तपासता येतात, हे खरे आहे का?

पेशी ज्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात, त्यांतील मेंदूच्या पिशव्या वेगळ्या काढता आल्या तर फार मोठी सोय होईल. त्यासाठी एल१कॅम हे प्रथिन ओळखचिन्ह म्हणून बरीच वर्षे वापरले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर तपासणीत मात्र रक्तातील एल१कॅम पिशव्यांवर नसून सुटे तरंगत असल्याचे आढळले. त्यामुळे त्या चिन्हावर उभारलेले निष्कर्ष सावधपणे वाचावे लागतात.

जनुकांवरील खुणा किंवा टेलोमियर यांच्यावरून काही कळते का?

एफकेबीपी५ हे जनुक कॉर्टिसॉलच्या ग्राहकाची, म्हणजे पेशीत कॉर्टिसॉल ज्याला चिकटून काम करते त्या प्रथिनाची, संवेदनशीलता बदलते. त्याचे विशिष्ट रूप असलेल्या आणि बालपणी आघात सोसलेल्या व्यक्तींमध्ये त्यावरील रासायनिक खुणा घटलेल्या आढळल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले. दीर्घ आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या मातांचा समावेश असलेल्या ५८ स्त्रियांच्या अभ्यासात, ताण जितका जास्त जाणवत होता तितके टेलोमियर (गुणसूत्रांच्या टोकांवरील संरक्षक भाग) आखूड, असे २००४ मध्ये नोंदवले गेले. दोन्ही निष्कर्ष प्रामुख्याने रक्तातील पांढऱ्या पेशींचे आहेत. चेतापेशीतही तेच घडले असेल, असे गृहीत धरता येत नाही.

एक घटक पुरेसा नसेल, तर दहा-वीस घटक एकत्र करून निदान का करू नये?

ही दिशा योग्य आहे आणि ती नवी नाही. मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ ही कल्पना मांडली : परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी शरीर जी यंत्रणा वापरते, ती सतत चालू ठेवावी लागल्याने होणारी झीज. १९९७ मध्ये ती दहा मोजमापांनी मोजली गेली. त्यांत रक्तदाबाचे दोन आकडे, कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर, कोलेस्टेरॉलची दोन मापे, दीर्घकाळची साखर दाखवणारे ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन, ॲड्रिनल ग्रंथीचे डीएचईए-एस हे संप्रेरक आणि रात्रभराच्या लघवीतील कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन यांचा समावेश होता. यांतला कोणताही आकडा एकटा फारसा बोलत नाही, पण एकत्र बेरीज केली की पुढील आयुष्यातील आरोग्याविषयी ती काही सांगते. मला ही कल्पना तिच्या नम्रपणामुळे आवडते. ती मेंदूचे छायाचित्र काढल्याचा दावा करत नाही.

निदानाचा दावा केला, की मात्र साधे अंकगणित आडवे येते. समजा, एक चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ८० टक्क्यांना निरोगीच ठरवते. १,००० लोकांत खरोखर बाधित ५० असतील, तर ती त्यांतील ४० ओळखेल. पण उरलेल्या ९५० पैकी १९० जणांनाही बाधित ठरवेल. सकारात्मक आलेल्या २३० जणांपैकी खरे फक्त ४०, म्हणजे सुमारे १७ टक्के. उरलेले १९० जण आपल्या मेंदूला काहीतरी झाले आहे, अशी नवी काळजी घेऊन घरी जातील.

रक्तापेक्षा एमआरआय करून घेतला तर निश्चित कळेल का?

नाही. हिप्पोकॅम्पसचे आकारमान निरोगी माणसांतही बरेच वेगवेगळे असते. एका वेळच्या चित्रावरून तो लहान झाला की मुळातच लहान होता, हे सांगता येत नाही. गाठ, रक्तस्राव किंवा इतर आजार वगळण्यासाठी डॉक्टरांनी सुचवला, तर एमआरआय अवश्य करावा.

सततच्या थकव्यासाठी आणि अस्वस्थतेसाठी मग कोणती रक्तचाचणी उपयोगी आहे?

ज्यांचा उपचार ठाऊक आहे, अशा कारणांच्या चाचण्या. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, लोहाची आणि बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, यकृत व मूत्रपिंडाचे बिघाड यांची लक्षणे ताणासारखीच भासू शकतात. या चाचण्या साध्या आहेत, त्यांच्या मर्यादा नीट ठरलेल्या आहेत आणि त्यांतून निघालेल्या दोषावर लगेच काही करता येते. वजन झपाट्याने पोटावर वाढणे, त्वचेवर रुंद जांभळे पट्टे उमटणे, सहज काळेनिळे डाग पडणे, दंड आणि मांड्या अशक्त होणे अशी लक्षणे असतील, तर कॉर्टिसॉलची रीतसर तपासणी आवश्यक आहे. ती एका सकाळच्या नमुन्याने होत नाही.

कॉर्टिसॉलसाठी रक्त देताना कोणती काळजी घ्यावी?

डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळावी आणि जागे झाल्याची वेळ नोंदवावी. आदल्या रात्री जागरण आणि नमुन्याआधी जोरदार व्यायाम टाळावा. दहा-पंधरा मिनिटे शांत बसून मग रक्त द्यावे. स्टेरॉइड कोणत्याही स्वरूपात चालू असेल, मग ते मलम असो, श्वासावाटे घ्यायचे औषध असो किंवा सांध्यात दिलेले इंजेक्शन असो, ते आवर्जून सांगावे. लोक गोळ्या सांगतात आणि मलम विसरतात. काही स्टेरॉइड औषधे मोजणीतच कॉर्टिसॉल म्हणून धरली जातात. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही यंत्रपद्धतींत आकडे चुकीचे येतात, म्हणून तेही सांगावे. चालू असलेले कोणतेही औषध, विशेषतः स्टेरॉइड, चाचणीसाठी स्वतःहून बंद करू नये; ते अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.

सर्व अहवाल सामान्य आले, पण झोप लागत नाही, काही लक्षात राहत नाही आणि मन सतत धास्तावलेले असते. मग हा त्रास खोटा समजायचा का?

मुळीच नाही. वर सांगितलेल्या एकाही चाचणीची तेवढी पोच नाही. सामान्य अहवालाचा अर्थ इतकाच, की ज्या आजारांसाठी तपासणी केली ते आढळले नाहीत, आणि ही माहिती उपयोगाची आहे. ताण, चिंता आणि नैराश्य यांचे निदान आजही सविस्तर बोलण्यातून, प्रमाणित प्रश्नावल्यांतून आणि काही आठवड्यांच्या निरीक्षणातून होते. रक्तात काही सापडले नाही म्हणून ते निदान कमी प्रतीचे ठरत नाही. डॉक्टरांकडे जाताना अहवालांच्या गठ्ठ्यासोबत दोन आठवड्यांची एक वही न्यावी : किती वाजता झोपलो, कितीदा जाग आली, कोणत्या कामात काय विसरलो, धास्ती केव्हा वाढली आणि कशाने उतरली. जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.